कोड असलेल्यांनी डोळे कसे तपासावेत, कसे सांभाळावेत

पापणीच्या कडेला पांढरा ठिपका दिसला, किंवा पापणीचे दोन-चार केस पांढरे झाले, की घरात एकच प्रश्न विचारला जातो: हे डोळ्याच्या आत तर जाणार नाही ना? याचं उत्तर आधीच देऊन टाकू. साध्या कोडामुळे आंधळेपण येत नाही. डोळ्याच्या आत रंगाचे काही बदल सापडतात, पण ते तपासणीच्या यंत्रात दिसतात. माणसाला ते जाणवतही नाहीत आणि त्यामुळे चष्म्याचा नंबरही बदलत नाही.

नजरेला धोका असतो तो दोन वाटांनी. पहिली वाट म्हणजे कोडासारखे डाग आणणारा, पण मुळात डोळ्याचाच असलेला एक आजार वेळेत ओळखला जात नाही. दुसरी म्हणजे कोडावरचा उपचारच डोळ्याला भोवतो: पापणीवर महिनोन्‌महिने चोळलेलं स्टिरॉइडचं मलम, नाहीतर सोरॅलेन हे कातडीला उन्हासाठी हळवं करणारं औषध किंवा ते जिच्यात असतं ती बावची घेऊन उघड्या डोळ्यांनी सोसलेलं ऊन. दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत. म्हणून पुढचं सगळं नीट, क्रमाने वाचा.

डोळ्याचा आणि कातडीचा संबंध काय

कातडीला रंग देणाऱ्या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतात. गर्भात मज्जारज्जू तयार होत असतो तेव्हा त्याच्या कडेला या पेशी जन्मतात आणि तिथून अंगभर पसरतात. त्याच घराण्यातल्या काही पेशी डोळ्याच्या मधल्या थरात मुक्कामाला येतात. या थराला युव्हिया म्हणतात. बुबुळाचा तपकिरी किंवा घारा भाग, त्यामागचं स्नायूंचं कडं आणि पडद्याखालचा रक्तवाहिन्यांचा थर म्हणजे कोरॉइड, हे सगळं युव्हियातच येतं. आतल्या कानातही या पेशी असतात. काही आजारांत डाग, नजर आणि ऐकू येणं एकाच सुमारास बिघडतं, त्याचं कारण हेच. पडद्याला चिकटून आणखी एक रंगीत थर असतो. त्याच्या पेशींचं मूळ वेगळं, पण मेलॅनिन हे रंगद्रव्य त्याही बनवतात.

कोडात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच रंगपेशींवर उठते. त्यामुळे काही जणांच्या बुबुळावर किंवा आतल्या थरांवर फिकट ठिपके दिसले, तर त्यात नवल नाही. डोळ्यांभोवती डाग असलेल्यांनी तपासणीबाबत जास्त काटेकोर असावं. बाकीच्यांनीही एकदा आतून तपासून घ्यावं आणि मग निश्चिंत व्हावं.

पायरी १: हे कोडच आहे ना, याची खात्री

डोळ्याभोवतीचा प्रत्येक पांढरा डाग कोड नसतो. त्वचारोगतज्ज्ञ अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प लावतात. साधारण ३६५ नॅनोमीटरच्या त्या जांभळट उजेडात कोडाचा डाग खडूसारखा पांढरा चमकतो आणि त्याची कड स्पष्ट उठून दिसते. नुसता फिकट डाग असेल तर तो असा चमकत नाही. दोन मिनिटांचं काम आहे. ते झाल्याशिवाय पापणीवर कुठलंही मलम सुरू करू नका.

आपल्याकडे कोडाला 'श्वेतकुष्ठ' म्हणतात, आणि त्या एका शब्दाने फार नुकसान केलं आहे. कोडाचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही आणि ते संसर्गाने पसरत नाही. पण उलट बाजूने चूक होऊ शकते: खरा कुष्ठरोगाचा डाग कोड समजून सोडून दिला जातो. कुष्ठरोगाचा डाग सहसा दुधासारखा पांढरा नसतो, तो फिका किंवा लालसर असतो आणि तिथली संवेदना कमी झालेली असते. कापसाचं टोक वातीसारखं वळा, डोळे मिटून घ्यायला सांगा, डागाला आणि शेजारच्या कातडीला आळीपाळीने हलकेच टेकवा. डागावर स्पर्श कळत नसेल, भुवईचे बाहेरच्या बाजूचे केस गळत असतील किंवा झोपेत डोळा पूर्ण मिटत नसेल, तर सरकारी दवाखाना गाठा. तिथे कुष्ठरोगाची औषधं मोफत मिळतात. उशीर झाला तर त्या आजारात डोळ्याचं कायमचं नुकसान होतं.

मूल जन्मत:च कपाळावर पांढरी बट, निळसर किंवा दोन वेगवेगळ्या रंगांची बुबुळं घेऊन आलं असेल, तर ते कोड नव्हे. हा वार्डनबर्ग सिंड्रोम असू शकतो. त्यात सर्वांत निकडीची तपासणी कानांची असते. ऐकू येत नसलेल्या बाळाला वेळेत मदत मिळाली नाही तर बोलणंही मागे पडतं.

तिसरा प्रकार रसायनाने उठलेल्या डागांचा. टिकलीच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्यूटिल-फिनॉल नावाचं रसायन असू शकतं, आणि ते रंगपेशी मारतं. कपाळावर नेमका टिकलीच्या आकाराचा पांढरा गोल उठलेल्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पोहण्याच्या गॉगलची रबरी कड आणि केसांचा कलप यांतूनही असं होऊ शकतं. डागाचा आकार एखाद्या वस्तूच्या आकाराशी जुळतो का, हे पाहा. जुळत असेल तर ती वस्तू आजच बंद करा.

पायरी २: आधी काय आलं, डाग की डोळा?

या सबंध लेखातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. डॉक्टरांनी विचारला नाही तरी तुम्ही आपणहून सांगा.

साध्या कोडात डाग आधी येतात. वर्षानुवर्षं असतात, डोळ्यांची काही तक्रार नसते. फोक्ट-कोयानागी-हराडा या आजारात क्रम उलटा असतो. फोक्ट यांनी १९०६ साली, हराडा यांनी १९२६ साली आणि कोयानागी यांनी १९२९ साली त्याचं वर्णन केलं. डॉक्टर त्याला व्हीकेएच म्हणतात. यातही प्रतिकारशक्ती रंगपेशींवरच हल्ला करते, पण पहिला घाव डोळ्यावर बसतो. गोऱ्या युरोपीयांपेक्षा आशियाई आणि लॅटिन अमेरिकी लोकांत तो जास्त दिसतो, भारतातही दिसतो. बहुधा २० ते ५० या वयात येतो आणि बायकांत थोडा जास्त असतो.

सुरुवात तापासारखी होते. डोकं दुखतं, मान आखडते, कानात गुंजारव सुरू होतो, आणि डोक्यावरून कंगवा फिरवला तरी कातडी हुळहुळते. ही कंगव्याची खूण ध्यानात ठेवा. साध्या डोकेदुखीत ती सहसा नसते. काही दिवसांत दोन्ही डोळ्यांना अंधुक दिसू लागतं. पडद्याखाली पाणी साचून तो जागोजाग उचलला गेलेला असतो. डाग या वेळी नसतात. पांढऱ्या पापण्या, केसांची पांढरी बट, अंगावरचे डाग हे सगळं काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येतं. तोवर पहिला भर ओसरलेला असतो आणि माणूस 'कोड उठलं' म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे जातो. मधल्या काळात डोळ्याला कायमची इजा होऊन गेलेली असू शकते.

म्हणून नियम असा: दोन्ही डोळ्यांना अचानक अंधुक दिसणं आणि सोबत डोकेदुखी किंवा कानात आवाज असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. चष्म्याच्या दुकानात नंबर काढायला जाऊ नका.

उपचार मोठ्या मात्रेच्या स्टिरॉइडने होतो. साधारणपणे मिथाइलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम असं ३ दिवस शिरेतून देतात, मग प्रेडनिसोलोनच्या गोळ्या वजनाच्या दर किलोला १ मिलिग्रॅमच्या आसपास सुरू करून अगदी सावकाश कमी करतात. प्रतिकारशक्ती आवरणारं दुसरं औषधही बरेचदा लवकरच जोडतात. त्याआधी छातीचा एक्स-रे, क्षयाची चाचणी आणि रक्तातली साखर पाहून घेतात. भारतात क्षयाची चाचणी टाळून चालत नाही: क्षयामुळेही डोळ्याचा असाच दाह होतो, आणि शरीरात दबून राहिलेला क्षय स्टिरॉइडने उफाळतो.

घोळ होतो तो महिन्याभराने. नजर परत येते, तोंड सुजलेलं असतं, वजन वाढलेलं असतं, आणि कुणीतरी म्हणतं, आता कशाला गोळ्या. गोळ्या मधेच थांबवल्या की आजार उलटतो आणि तो उलटेल तितक्या वेळा काचबिंदू, मोतीबिंदू, पडद्यावरचे व्रण यांची शक्यता वाढते. उपचार किमान ६ महिने चालतो, पुष्कळदा त्याहून अधिक. डॉक्टरांना न विचारता एकही गोळी कमी करायची नाही.

अशीच आणखी एक अवस्था आहे. एका डोळ्याला आरपार जखम झाली, म्हणजे लेथवरची लोखंडाची चीप घुसली किंवा फटाक्याने डोळा फुटला, तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसऱ्या, धडधाकट डोळ्यातही दाह सुरू होऊ शकतो. तिथेही पुढे पापण्या पांढऱ्या होतात आणि डाग उठतात. जुनी जखम वर्षापूर्वीची असली तरी डॉक्टरांना सांगा.

पायरी ३: घरची तपासणी, महिन्यातून एकदा

सकाळी खिडकीशेजारी बसा. उजेड समोरून येऊ द्या, ट्यूबलाइटखाली फिकट डाग दिसत नाहीत. हात साबणाने धुऊन घ्या.

आधी डोळे हलकेच मिटा आणि कुणाला तरी वरच्या पापण्यांचा फोटो काढायला सांगा. मग डोळे उघडून समोर, वर आणि खाली पाहताना आणखी तीन फोटो. दर महिन्याला तीच खिडकी, तेच अंतर, शक्यतो तीच वेळ. पांढरे केस मोजा आणि आकडा लिहून ठेवा: उजवी वरची पापणी ६, डावी २, असं. आठवणीवर विसंबू नका. डाग वाढला की घटला, याबद्दल घरातल्या दोन माणसांचं एकमत कधी होत नाही, फोटो मात्र सांगतो.

पापणीच्या कडेला कोंडा, पिवळसर खपल्या किंवा लाली आहे का पाहा. डोळ्याचा पांढरा भाग बुबुळाभोवती लालबुंद दिसतो का, उजेड खुपतो का, तेही पाहा. वरची पापणी ओढली गेल्यासारखी होऊन बुबुळाच्या वरती पांढरा भाग दिसत असेल, तर थायरॉइडची शंका घ्या.

मग जाळीची चाचणी. शाळेच्या आलेख कागदावर १० सेंटिमीटरचा चौरस आखा, दर ५ मिलिमीटरवर काळ्या शाईने उभ्याआडव्या रेघा मारा, म्हणजे २० गुणिले २० चौकटी होतील. मधोमध ठळक काळा ठिपका काढा. वाचायचा चष्मा लावा, कागद ३० ते ३५ सेंटिमीटरवर धरा, एक डोळा तळहाताने झाका पण दाबू नका. नजर ठिपक्यावर ठेवा. रेघा वाकड्या, तुटलेल्या किंवा कुठे पुसट दिसतात का? मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे एकदम उघडे ठेवून ही चाचणी करण्यात अर्थ नाही, कारण चांगला डोळा वाईट डोळ्याची चूक झाकतो. रेघा वाकड्या दिसल्या तर दोन-तीन दिवसांच्या आत पडदा दाखवा.

पायरी ४: डोळ्यांच्या डॉक्टरांकडे काय सांगायचं, काय तपासून घ्यायचं

कोडाचं निदान झालं की एकदा पूर्ण तपासणी करून घ्यावी, तक्रार नसली तरी. पुढे वर्षातून एकदा पुरते. पापण्यांवर डाग असतील, स्टिरॉइड चालू असेल किंवा प्रकाशोपचार घेत असाल, तर जास्त वेळा.

नुसतं 'डोळे तपासायचेत' म्हटलं तर नंबर काढून घरी पाठवतात. म्हणून तोंडाने सांगा: मला कोड आहे, अमुक वर्षांपासून, पापण्यांवर आहे किंवा नाही, ही मलमं लावतो, या गोळ्या घेतो. मलमाच्या ट्यूब सोबत न्या. रिकामी ट्यूबही चालेल, कारण तिच्यावर औषधाचं नाव असतं.

पाच गोष्टी व्हायला हव्यात. नजर, चष्म्यासह आणि चष्म्याविना. स्लिट लॅम्प या डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर पापण्यांची कड, बुबुळ आणि डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात दाहाच्या पेशी आहेत का ते. डोळ्याचं प्रेशर, जे सहसा १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान असतं. अश्रूंची चाचणी. आणि बाहुली मोठी करून पडदा व डोळ्याची नस. यातलं शेवटचं सर्वांत जास्त वेळा टळतं, कारण थेंब घातल्यावर अर्धा तास थांबावं लागतं आणि पुढे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं. त्या दिवशी दुचाकी घेऊन जाऊ नका आणि गॉगल सोबत ठेवा. प्रेशर ठीक आलं म्हणून नस तपासायची राहू देऊ नका. प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू असू शकतो, आणि कोड असलेल्यांत तसं आढळल्याच्या नोंदी आहेत.

पडद्यावर काही शंका वाटली तर ओसीटी स्कॅन करतात. त्यात पडद्याचे थर आडव्या छेदात दिसतात. डोळ्याला काही टोचत नाहीत. पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढायच्या अँजिओग्राफीत हाताच्या शिरेतून फ्लुरोसिन नावाचा रंग देतात. त्यानंतर दिवसभर लघवी गर्द पिवळी होते, घाबरायचं कारण नाही.

रक्ताच्या दोन तपासण्या यासोबत उरकून घ्या. टीएसएच ही थायरॉइडची चाचणी, कारण कोड असलेल्यांत थायरॉइडचे स्वयंप्रतिकारी आजार इतरांपेक्षा बरेच जास्त असतात आणि थायरॉइड डोळ्यांमागची चरबी व स्नायू सुजवतो. आणि बी-१२. कोडासोबत कधीकधी पोटातून बी-१२ शोषून न घेणारा स्वयंप्रतिकारी आजार असतो. शाकाहारी घरांत आधीच कमतरता असते. बी-१२ फार काळ कमी राहिलं तर डोळ्याच्या नसेवर परिणाम होऊन रंग फिके आणि नजर मंद होऊ शकते.

कोरडे डोळे: सर्वांत जास्त आढळणारा त्रास

पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यांचं तेल अश्रूंवर पसरून त्यांना वाळण्यापासून वाचवतं. कोडात, विशेषत: पापण्यांवर डाग असतील तर, या ग्रंथी मंदावलेल्या आणि अश्रूंचा थर लवकर फुटणारा आढळतो. डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटतं, संध्याकाळी जळजळ वाढते. बरेचदा डोळ्यातून पाणीच येतं आणि माणूस म्हणतो, कोरडे कसले, डोळे तर वाहतायत. ते पाणी म्हणजे खुपणाऱ्या डोळ्याने अचानक सोडलेलं पाणी, त्यात तेल नसतं, म्हणून ते टिकत नाही.

डॉक्टर पिवळा रंग घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत फुटतो ते मोजतात. १० सेकंदांच्या आत फुटला तर तो कच्चा. दुसऱ्या चाचणीत कागदाची पट्टी खालच्या पापणीत ५ मिनिटं अडकवतात. ती १० मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर पाणी कमी, ५ पेक्षा कमी असेल तर खूपच कमी.

घरी करायचं ते असं. स्वच्छ सुती फडकं सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळा, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, मग मिटलेल्या पापण्यांवर ५ ते १० मिनिटं ठेवा. फडकं दोन मिनिटांत निवतं, म्हणून पुन्हा पुन्हा बुडवा; निवलेलं फडकं ठेवून उपयोग नाही, तेल वितळायला ऊब टिकावी लागते. नंतर बोटाच्या टोकाने वरची पापणी खालच्या दिशेला आणि खालची वरच्या दिशेला, केसांकडे, हलकेच निपटा. जोर लावायचा नाही. कोडात कातडीला वारंवार घर्षण झालं की त्या जागी नवा डाग उठू शकतो. याला केबनर परिणाम म्हणतात. डोळे चोळायची सवय याच कारणाने मोडायला हवी, आणि ॲलर्जीने डोळे खाजत असतील तर तिचा उपचार आधी.

कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के असलेले थेंब दिवसातून चारदा घालता येतात. याहून जास्त वेळा लागत असतील तर परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेले घ्या, कारण परिरक्षकच डोळ्याचा पृष्ठभाग सुकवतं. 'लाली घालवणारे' थेंब मात्र आणू नका.

पापणीवरचं मलम: इथे सर्वांत जास्त नुकसान होतं

पापणीची कातडी अंगावरची सर्वांत पातळ कातडी, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तळहातावर जे मलम मुरायला दिवस लागतो ते इथे सहज आत जातं आणि डोळ्यातही उतरतं. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांसारखी जोरदार स्टिरॉइड मलमं पापणीवर लावू नयेत. स्टिरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक असं तिघांचं मिश्रण असलेली मलमं तर औषधाच्या दुकानात 'कुठल्याही डागावर' म्हणून हातावर ठेवली जातात. चिठ्ठीशिवाय ती विकायची नसतात. तुम्हीही चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

होतं काय? स्टिरॉइडमुळे डोळ्यातलं पाणी बाहेर नेणारी जाळी तुंबते आणि प्रेशर चढतं. काहींत दोन ते सहा आठवड्यांतच चढतं, मुलांत त्याहून लवकर आणि जोरात. दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं स्वच्छ दिसतं. नजरेचा घेर कडेकडून कमी होत जातो आणि लक्षात येतं तेव्हा नसेचा गेलेला भाग परत येत नाही. मोतीबिंदू निदान शस्त्रक्रियेने काढता येतो, काचबिंदूने गेलेली नजर कुणी परत आणू शकत नाही. म्हणूनच हा मुद्दा इतका ताणून सांगतो आहोत.

त्वचारोगतज्ज्ञांनी सौम्य स्टिरॉइड ठरावीक दिवसांसाठी दिलंच, तर संपायची तारीख ट्यूबवर पेनाने लिहा. सुरू करण्याआधी एकदा प्रेशर मोजा, मग चार ते सहा आठवड्यांनी, आणि उपचार लांबला तर दर तीन महिन्यांनी. आठवड्यातून सलग दोन दिवस घ्यायच्या स्टिरॉइड गोळ्या, ज्यांना मिनीपल्स म्हणतात, चालू असतील तरी हाच नियम.

पापण्यांसाठी बहुतेक वेळा टॅक्रोलिमस मलम निवडतात. त्याने कातडी पातळ होत नाही आणि प्रेशर चढत नाही. २ ते १५ वर्षांच्या मुलांना ०.०३ टक्के, मोठ्यांना ०.१ टक्के. लावायची रीत महत्त्वाची आहे. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, ओल्या कातडीवर जास्त झोंबतं. तांदळाच्या दाण्याएवढं मलम दोन्ही पापण्यांना पुरतं. ते अनामिकेवर घ्या, कारण त्या बोटाचा दाब सर्वांत कमी पडतो. पापणीच्या केसांपासून दोन-तीन मिलिमीटर दूर राहून पातळ थर टेकवत न्या. उरलेलं ऊब लागून आपोआप पसरतं. पहिले आठ-पंधरा दिवस जळजळतं, मग कमी होतं. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्याला नागीण झाली असेल तर लावू नका. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात, दोन महिन्यांत कंटाळून सोडणारे खूप. चेहऱ्यावरचे डाग हातापायांच्या डागांपेक्षा चांगले भरून येतात, तेव्हा धीर धरणं वाया जात नाही.

प्रकाशोपचार आणि बावची

नॅरोबँड यूव्हीबी म्हणजे ३११ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश. त्याच्या दिव्यांच्या कॅबिनेटमध्ये शिरताना गडद, बाजूंनी बंद गॉगल लागतोच. तो दर वेळी नेमका त्याच जागी बसवा. एक दिवस गॉगल अर्धा सेंटिमीटर वर सरकला, तर आजवर झाकलेली कोवळी कातडी वाढवत आणलेला पूर्ण डोस एकदम घेते आणि भाजते. पापणीवरच डाग असतील तर डॉक्टर कधी गॉगल काढून डोळे घट्ट मिटायला सांगतात. मिटलेली पापणी हा प्रकाश अडवते. मधेच डोळे किलकिले करणाऱ्या माणसाने आणि लहान मुलांनी हे करू नये. उघड्या डोळ्यावर हा प्रकाश पडला तर सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत मिरची गेल्यासारखं होतं. एक-दोन दिवसांत ते बरं होतं, पण डोळ्यांचे डॉक्टर गाठा आणि सुन्न करणारे थेंब घरी आणून घालत बसू नका, त्याने जखम भरत नाही.

सोरॅलेनच्या गोळ्या आणि यूव्हीए हा दुसऱ्या प्रकारचा अतिनील प्रकाश, म्हणजे पूवा, यात काळजी वेगळी आहे. सोरॅलेन रक्तातून डोळ्याच्या भिंगात पोचतं. त्यावर यूव्हीए पडला की ते भिंगातल्या प्रथिनांना कायमचं चिकटतं आणि मोतीबिंदूला वाट मिळते. म्हणून गोळी घेतल्या क्षणापासून पुढचे २४ तास, दिवसाउजेडी, यूव्हीए अडवणारा आणि बाजूंनी झाकणारा चष्मा लावायचा. घरात खिडकीपाशी आणि बसच्या काचेआडही, कारण साध्या काचेतून यूव्हीए आत येतो. उपचाराआधी एकदा आणि नंतर दर वर्षी भिंगाची तपासणी हवी.

आता बावची. कोडावरचं हे जुनं औषध, बियांचं तेल आणि चूर्ण आपल्याकडे सगळीकडे मिळतं. तिच्यात सोरॅलेनच असतं. 'झाडपाल्याचं आहे' म्हणून पूवाचे नियम तिला लागू होत नाहीत असं नाही, ते तंतोतंत लागू होतात. पोटातून चूर्ण घेत असाल तर चष्म्याचा नियम पाळा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. तेल पापणीवर, नाकाच्या कोपऱ्यात, भुवईखाली लावायचं नाही. घामाने ते ओघळून डोळ्यात येतं, आणि त्या जागी ऊन लागलं तर मोठाले फोड येतात. फोड भरताना कधी डाग आणखी पसरतो. वैद्यांकडून उपचार घेत असलात तरी डोळ्यांभोवतीचा भाग त्यातून वगळायला सांगा.

गॉगल, काजळ, थ्रेडिंग

गॉगल घेताना काचेचा काळेपणा पाहू नका, 'यूव्ही ४००' ही अतिनील किरण अडवण्याची खूण पाहा. यूव्ही न अडवणारी नुसती काळी काच जास्त वाईट: अंधार झाला असं समजून बाहुली मोठी होते आणि किरण जास्तच आत जातात. चष्म्याच्या चांगल्या दुकानात यूव्ही मीटर असतो, काच त्याखाली धरायला सांगा. फ्रेम नाकावर किंवा कानामागे घासत असेल तर पॅड बदला. तिथेच नवे डाग उठतात.

काजळ लावायला हरकत नाही, पण शिसं असलेला सुरमा नको. पांढऱ्या पापण्यांना मस्कारा लावा, केसांचा कलप लावू नका. तो डोळ्यात गेला तर बुबुळाला भाजतो आणि पापणीला ॲलर्जी आणतो. डाग झाकायचं क्रीम आधी दोन दिवस हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहा, आणि रात्री काढताना न घासता तेलाच्या बोळ्याने टिपून काढा. डाग वाढते असताना भुवयांचं थ्रेडिंग आणि पापण्यांवर टॅटू टाळा. दोन्हींत त्याच जागी नवा डाग उठायची जोखीम असते. कात्रीने भुवया नीट करता येतात.

पापणीचे केस पांढरे झाले असतील तर ते पुन्हा काळे होणं अवघड असतं. केसाच्या मुळाशी असलेला रंगपेशींचा साठा संपलेला असतो आणि कातडी रंगवणाऱ्या नव्या पेशी याच साठ्यातून येतात. म्हणून पांढऱ्या केसांच्या डागावर मलम कमी चालतं. तिथे रंगपेशींचं रोपण करता येतं, पण निदान वर्षभर एकही नवा डाग आलेला नसावा आणि जुना वाढलेला नसावा. ते वर्ष मोजायला पायरी तीनमधले फोटो लागतात. रोपणाच्या आधी डोळ्याची तपासणी पुन्हा एकदा करा, आणि पापणीवर काम करायचा सराव असलेल्याच हातांत डोळा द्या.